ओल्या हातांनी सोडलेला

आईनं मला फक्त डबा परत द्यायला पाठवलं होतं.

सुशील भैयाच्या घरचा स्टीलचा डबा. दादा गेला तेव्हा आमची चूल बंद होती, म्हणून त्यांनी वरण-भात पाठवला होता. एरवी आमच्या घरून कुणाचं भांडं रिकामं परत जात नाही, आई चिमूटभर साखर तरी घालते. पण सुतकातल्या घरातून काही द्यायचं नसतं. तिनं डबा घासला, पुसला आणि रिकामाच माझ्या हातात दिला.

"सीधा जा अन् सीधा ये, पुष्कर. खदानीकडे जाऊ नको."

मी हो म्हणालो. दुपार उलटली होती. सकाळीच दादाचा दहावा करून आम्ही घाटावरून परतलो होतो. रायपूरच्या चौबे कॉलनीतून गाडी काढली आणि बीरगांवच्या रस्त्याला लागलो. डिक्कीत डबा होता. गळ्यातल्या गमछ्यात एक गाठ होती, ती आईला दिसली नव्हती.

माझा दादा म्हणजे भार्गव. नया रायपूरला एका ऑफिसात कंप्युटरवर बसायचा. बाबा रेल्वेत होते, मी लहान असतानाच गेले, मग मला दादानंच वाढवलं. मी आठवीतून शाळा सोडली तेव्हा घरात सगळे ओरडले. दादा ओरडला नाही. दुसऱ्या दिवशी अंधारातच उठवून मला गळ टाकायला घेऊन गेला.

मासे धरणं हा त्याचा छंद होता, आणि त्यात त्याचे नियम फार कडक. आधी पाण्याची एक जागा ठरवायची. भाजलेला सत्तू, शेंगदाण्याची पेंड आणि मेथीची पूड भिजवून लाडू करायचे आणि रोज त्याच वेळी, त्याच जागी टाकायचे. गळ टाकायचा नाही, नुसतं खाऊ घालायचं. "आधी भरवसा द्या लागते माशाले," तो म्हणायचा. मासे वेळेवर यायला लागले की मगच गळ. त्या गळाचा उलटा काटाही तो पकडीनं चेपून टाकायचा, म्हणजे ओठाला जखम मोठी होत नाही. मोठा मासा लागला तर ओढायचं नाही. तो पळाला की दोरा द्यायचा, थांबला की घ्यायचा. काठाशी आला की आपले हात आधी पाण्यात ओले करायचे, कारण कोरड्या हातानं माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग तो जगत नाही. गळ काढायचा, पोटाखाली तळहात धरून त्याला पाण्यात सरळ उभा ठेवायचा. शेपटी हलली की सोडायचं.

हो, तो सोडून द्यायचा. प्रत्येक मासा.

"धरते अन् सोडून देते म्हणे हे पोट्टं!" बाबाराव काका वर्ध्याहून आले की हसायचे. "अबे, मंग घरून निघतोच काहून?"

"काका, तुम्ही रोज फिराले जाता," दादा म्हणायचा, "तर का रस्ता घरी घेऊन येता?"

त्याला एकाच गोष्टीनं झोप यायची नाही. दोरा तुटून मासा गळासकट गेला, की दादा दोन घास कमी जेवायचा. तो दोरा कुठंतरी दगडाला अडकणार आणि मासा तिथंच फिरून फिरून मरणार, हे त्याला दिसत राहायचं.

त्यातच तो गेला.

बीरगांवच्या पुढे एक जुनी दगडाची खदान आहे. काम बंद पडलं, झरे फुटले आणि ती भरली. एका बाजूची गाडीवाटेची उतरण सोडली तर काठ सरळ कापलेले, पाणी काळं. दादा आणि सुशील भैया तिथं बसायचे. सुशील भैया कारखान्यात आहे, दादाचा एकच गळमित्र. त्या दिवशी दादाला मोठा कतला लागला. दोरा कपारीवर घासून तुटला. मासा गळ, दोरा आणि दोऱ्यावरचं नारंगी बूच घेऊन गेला. ते बूच मग पाण्यावरून फिरायला लागलं. दादानं शर्ट काढला आणि उतरला. पोहणारा होता, सुशील भैयानं अडवलं नाही. दादा बुचापाशी पोचला, त्यानं ते धरलं, हात वर करून "मिला!" म्हणून हसला. मग खाली गेला. हातपाय मारले नाहीत की ओरडला नाही. कुणी खालून हाक मारल्यावर माणूस जातो, तसा गेला.

दुसऱ्या दिवशी पाणबुड्यांनी त्याला काढलं. बोटांवर दोऱ्याच्या चिरा होत्या. दोरा नव्हता. बूचही नव्हतं.

आणि आज सकाळी कावळा शिवला नाही.

महादेवघाटावर कावळ्यांना तोटा नाही. आमच्या आधी दुसऱ्या एका घरचा पिंड ठेवल्या ठेवल्या उचलला गेला. दादाच्या पिंडाभोवती कठड्यावर रांग लागली होती. एक खाली आला, मान वाकडी करून बघितलं आणि परत जाऊन बसला. गेलेल्याची इच्छा राहिली की असं होतं म्हणतात. मग एकेकानं कबूल करायचं असतं.

"भार्गव, मी जेवीन रे... वेळेवर जेवीन," आई म्हणाली.

काका म्हणाले, "या लहान्याले मी कामाले लावतो, तू काळजी नोको करू." मग मला कोपरानं ढोसलं. "बोल बे तूही काही."

मला राग आला. कशाचा ते कळत नव्हतं. मी ओरडलो, "काय पाह्यजे तुले? सांग ना मंग!"

कावळे एकदम उडाले. भटजींनी मान खाली घातली. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला आणि काका म्हणाले, जा, नदीत सोडून ये. मी पायऱ्या उतरलो, पाण्यात हात घातला आणि पिंड सोडला नाही. गमछ्यात बांधला. सोडला असता तर संपलं असतं. मला संपवायचं नव्हतं.

बीरगांवला पोचलो तेव्हा सुशील भैया दारातच बसला होता. कामावर जात नव्हता म्हणे. मी डबा दिला, तो त्यानं मांडीवर ठेवला.

"कौआ छुआ?"

"नाही."

तो डब्याच्या झाकणावर बोट फिरवत राहिला. मग हळू म्हणाला, "पुष्कर, वो बूच दिखता है अभी भी."

"काय?"

"मैं रोज जाता हूँ. सूरज उतरते समय निकलता है. हवा नहीं रहती... फिर भी चलता है. उसी जगह आता है, जहाँ भार्गव भैया चारा डालते थे."

"मंग धरलं काहून नाही तुम्ही?"

"पास आता है तो मैं भाग जाता हूँ, भाई."

मला सगळं कळल्यासारखं वाटलं. तो मासा अजून जिवंत होता आणि गळ घेऊन फिरत होता. दादाचं काम अर्धं राहिलं होतं, म्हणून त्यानं पिंड घेतला नव्हता. तो मासा धरायचा, गळ काढायचा आणि सोडायचा, की दादाही सुटला. दादाची बंसी, म्हणजे त्याची काठी आणि चकरी, सुशील भैयाच्या भिंतीला टेकून होती, दोऱ्याला दुसरा गळ बांधलेला. मी ती उचलली.

"अभी मत जा... कल सुबह चार आदमी लेके चलते हैं. सुन तो!"

"कल कोन पाह्यला?" मी म्हणालो आणि गाडीला किक मारली. मी असाच आहे. आई म्हणते, माझे पाय डोक्याआधी निघतात.

खदानीच्या तोंडाशी गाडी लावली तेव्हा सूर्य भिंतीमागे गेला होता, पण उजेड होता. जवळच्या उरला भागातल्या कारखान्यांची घरघर तिथपर्यंत येते. मी काठावर उतरलो आणि ती थांबली. दार लोटल्यासारखी. पाखरू नव्हतं, बेडूक नव्हता. पाणी इतकं स्थिर होतं की वरचे कापलेले दगड त्यात खालपर्यंत उतरलेले दिसत होते.

मग वास आला. भाजलेला सत्तू आणि मेथी. ताजा. काठावर मी एकटाच होतो आणि माझ्याकडे यातलं काही नव्हतं. वास पाण्यातून येत होता.

मी गमछा सोडला. पिंड वाळून कडक झाला होता. थोडा कुसकरून दादाच्या जागी टाकला, थोडा थुंकीनं मऊ करून गळाला लावला. भटजींनी बघितलं असतं तर काय म्हणाले असते, हे तेव्हा मनात आलं नाही. मला वाटलं, कावळ्याकडून घेत नाहीस ना, मग पाण्यातून घे.

बूच समोरच्या भिंतीखालून निघालं. नारंगी, अर्धं बुडालेलं. मागं पाण्यावर रेघही उमटत नव्हती. सरळ माझ्याकडे येत होतं. मासा असा येत नाही. मासा भरकटतो, थांबतो, खोल जातो. हे एखादं ओळखीचं माणूस आपल्याला बघून रस्ता ओलांडतं, तसं येत होतं.

"दादा..." मी म्हणालो. आवाज भिंतींवरून परत आला नाही.

मी गळ बुचापलीकडे टाकला आणि हळू ओढला. अडकला. वजन लागलं. मी दादानं शिकवलं तसंच केलं, ओढलं नाही, वाट पाहिली. तिकडूनही कुणी ओढलं नाही. दोरा ताठ, दोन्हीकडून कुणीतरी ऐकत असल्यासारखा.

मग मी जरा मागं सरलो. तिकडून दोरा मिळाला, हवा तेवढाच. मी थांबलो. तेवढाच परत गेला. मी डावीकडे झालो, दोरा डावीकडे वळला. मी जोर केला की सैल, मी दमलो की ताठ. खांदे भरून आले तेव्हा मला समजलं. बंसी माझ्या हातात होती, पण मासा मी होतो. मला कुणीतरी थकवत होतं. घाई न करता, दोरा तुटू न देता... आणि तो हात मी ओळखत होतो.

खरं सांगतो, मला भीती वाटली नाही. भीती नंतरची. मी बंसी टाकली. हातात काही नव्हतं, तरी ओढ गेली नाही. ती खालच्या ओठातून येत होती. मी कपड्यांसकट पाण्यात उतरलो. पाणी गुडघ्याला, कमरेला, छातीला लागलं. मी म्हणत होतो, येतो ना, येऊन राहिलो ना, ओढू नको. मला जायचंच होतं. त्या घरात परत जाऊन आईच्या समोरच्या ताटापुढं बसायचं नव्हतं. पाय सुटले आणि मी खाली गेलो.

खाली अंधार होता, पण तो वास होता. आणि मग दोन हात. थंड. एकानं माझा जबडा धरला, सावकाश, ओठाशी काहीतरी फिरवलं आणि काढलं. दुसरा हात पोटाखाली आला. त्यानं मला सरळ केलं. तसाच धरून ठेवलं. मी त्या हाताला मिठी मारायला गेलो, तर माझे हात उघडेनात. किती वेळ ते माहीत नाही. माझा पाय एकदा हलला.

तेव्हा त्यानं मला सोडलं.

सुशील भैयानं मला काठावर पालथा पडलेला पाहिला. तो माझ्या मागून निघाला होता, पण वरूनच हाका मारत उभा राहिला, खाली उतरायची त्याची हिंमत झाली नाही. बंसी कोरड्या दगडावर होती. गळाला पिंड जसाच्या तसा. त्याला कुणी तोंड लावलं नव्हतं. मी रडत होतो. सुशील भैयाला वाटलं, वाचलो म्हणून. मी सांगितलं नाही. त्याला काय सांगणार, की मला घेतलं नाही म्हणून रडतोय?

माझ्या खालच्या ओठाला आरपार बारीक भोक होतं. रक्त नव्हतं. समता कॉलनीतल्या डॉक्टरनं मलम दिलं. ते भरत नाही आणि दुखतही नाही. फक्त दुपार उलटली की ओठ एका बाजूला ओढला जातो, अगदी हलका. रायपूरला होतो तेव्हा उत्तरेकडे, बीरगांवच्या बाजूला. मी कुठंही तोंड करून बसलो तरी ओढ तिकडूनच. आईनं एकदा पाहिलं आणि पाठ फिरवली. मग मला इकडे, आमगावजवळ मामाच्या गावी पाठवलं. लांब गेलो तर तुटेल, असं तिला वाटलं.

तुटलं नाही. इथं आल्यापासून ती ओढ पूर्वेकडून यायची, रायपूर तिकडे आहे म्हणून. मी मनाला समजावलं, दादाच असेल. पण दादानं मला सोडलं होतं. गळ काढून, ओल्या हातांनी सोडलं होतं. मला त्याचे हात माहीत आहेत. सोडल्यावर तो पुन्हा धरायचा नाही. मग हे दुसऱ्या टोकाला कोण आहे, हे मी कुणाला विचारू?

मामा, दिवा जरा इकडे करा, या मंडळींना ओठ दिसू दे. आज दुपारपासून ती ओढ पूर्वेकडून येत नाही. मागच्या अंगणातून येते आहे, तुमच्या विहिरीच्या बाजूनं. आणि मघाशी तुम्ही आत गेलात तेव्हा मी बसल्या जागेवरून हातभर तिकडे सरकून बघितलं, दोरा सैल पडतो का म्हणून.

पडला नाही. तेवढाच कुणीतरी गुंडाळून घेतला.