निळा ठिपका

केतकी ओट्यापाशी उभी राहून कढीपत्ता खुडत होती आणि भिंतीवरच्या पाटीत तिच्या जागी निनाद उभा होता.

म्हणजे निनादचा निळा ठिपका. तिचा नवरा निनाद स्वतः सोमवारपासून पुण्यात होता, कंपनीच्या प्रशिक्षणाला. घरात केतकीशिवाय कुणी नव्हतं. तरी पाटीवरच्या घराच्या नकाशात, ऐन स्वयंपाकघरात, निळा ठिपका चमकत होता आणि केतकीच्या हिरव्या ठिपक्याचा पत्ता नव्हता. ती फ्रिजकडे गेली. निळा ठिपकाही फ्रिजकडे गेला. तिच्या मनात पाल चुकचुकली.

सांगलीतल्या त्यांच्या घरात जाणती फरशी होती. हल्ली नव्या घरांत असतेच. पाऊल पडलं की तिच्यात किंचित वीज तयार होते, त्यावर दिवे लागतात, आणि पावलाची ठेवण नि ताल यांवरून कोण चालतंय तेही तिला कळतं. लोकांनी ती बसवली दिव्यांसाठी. घटस्फोटाच्या कायद्याने तिला साक्षीला बोलावलं. कागदावर नाव कुणाचंही असो, घर ज्याने राबून नांदतं ठेवलं त्याच्याकडे ते राहावं, असा हा वावराचा कायदा. खरं तर केतकीसारख्या बायकांसाठीच झालेला. करणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता, पण ओट्यापाशी उभ्या असलेल्या केतकीला त्याचा काही उपयोग नव्हता.

कारण फरशीच्या लेखी राबणारा निनाद होता, आणि तिला हे घर हवं होतं. पुढच्या खोलीत ती मुलांना पेटी शिकवायची, मागे तिने लावलेला शेवगा होता, आणि परत जायला माहेर उरलं नव्हतं. निनादला घर विकून पुण्याला जायचं होतं. निकाल लागेपर्यंत दोघांनी इथेच वेगवेगळ्या खोल्यांत राहायचं आणि कुणाचा वावर किती ते फरशीने मोजायचं, असं ठरलं होतं. ही पाटी न्यायालयाच्या माणसांनी रविवारी बसवली आणि सोमवारी निनाद बाहेरगावी गेला. केतकीला आता त्यातही पाणी मुरताना दिसू लागलं.

निनादने फरशी फितवली असणार. पण कशी? तिची नजर जमीन पुसणाऱ्या यंत्रावर गेली. ते निनादनेच आणलं होतं. त्याच्या पोटात निनादच्या चालीची नक्कल भरली असेल तर? तिने यंत्र उचललं, कपाटात कोंडलं आणि वर कुलूप घातलं. पाटीवर निळा ठिपका कपाटापाशी उभा राहून कुलूप घालत होता.

तिने फोन लावला. “तू फरशीला काय केलंस?”

“मी पुण्यात आहे, केतकी.”

“तू पुण्यात, आणि तुझा ठिपका इथे माझ्या स्वयंपाकघरात कांदे चिरतोय.”

“चोराच्या मनात चांदणं,” निनाद म्हणाला. “तूच काहीतरी केलं असशील आणि माझ्यावर ढकलत असशील.” त्याने फोन ठेवला. गेली काही वर्षं तो तिच्याशी असाच तुटक बोलायचा. सुरुवात कुठून झाली, ते तिला कधी उमगलं नव्हतं.

दुपारी ती काठोकाठ भरलेलं कढीचं पातेलं दोन्ही हातांनी धरून, जपून पावलं टाकत टेबलाकडे निघाली, आणि पाटीवर हिरवा ठिपका उमटला. पातेलं खाली ठेवून ती वळली. ठिपका पुन्हा निळा झाला. मग मात्र तिने गृहपंचांना बोलावून घेतलं.

न्यायालयाने नेमलेल्या गृहपंच फरीदा मुजावर शनिवारी आल्या. निनादही बॅग घेऊन तसाच बसस्टँडवरून आला होता. केतकीने एका दमात सगळं सांगितलं, यंत्रासकट. मुजावर मॅडम हसल्या नाहीत.

“निनादराव, दारापासून ओट्यापर्यंत चाला बघू.”

निनाद चालला. पाटीवर पिवळा ठिपका उमटला. पिवळा म्हणजे पाहुणा. आठवडाभर पेटी शिकायला येणाऱ्या मुलांचे तसेच उमटले होते. निनादचा चेहरा पडला.

“आता तुम्ही, केतकीताई.”

केतकी चालली. निळा.

“फरशीला तुमची ओळख कधी करून दिली होती?” मॅडमनी विचारलं.

“वास्तुशांतीला,” केतकी म्हणाली. “मिस्त्री म्हणाला, एकेकाने चालून दाखवा. माझ्या हातात भरलेला कलश होता.”

“माझ्या पायाचं प्लॅस्टर नुकतंच निघालं होतं,” निनाद म्हणाला. “लंगडत होतो. पुढे वर्षभर हिच्या खांद्यावर हात टाकूनच चाललो.”

मुजावर मॅडमनी केतकीच्या पायांकडे पाहिलं. “ताई, तुम्ही उजवा पाय ओढता. ठाऊक आहे ना?”

“माझ्या पायाला काही झालेलं नाही.”

“पायाला नाही झालेलं. दुसऱ्याचा भार रोज खांद्यावर घेतला की शरीर त्याचा ताल उचलतं. यांचा पाय बरा झाला. तुमच्यात ती चाल राहून गेली.”

केतकी खुर्चीवर बसली. निनाद खिडकीकडे तोंड करून उभा होता.

“मला वाटायचं, तू मला चिडवतेस,” तो म्हणाला.

“काय?”

“मी सरळ चालायला लागलो आणि तू मागून लंगडत यायचीस. वाटलं, टोचून दाखवतेस, तुझ्यासाठी किती केलं बघ.”

“एकदा विचारायचंस.”

“उत्तर मला माहीत आहे असंच वाटत होतं.”

केतकीला संताप आला आणि रडूही आलं. एवढ्यासाठी त्याने आधी बोलणं तोडलं होतं, मग खोली वेगळी केली होती.

मुजावर मॅडमनी घसा खाकरला. “निळी ओळख निनादरावांच्या नावावर आहे. ती पावलं आपली नाहीत, हे त्यांनीच सांगायला हवं. नाही सांगितलं, तर वावर त्यांचा आणि घरही त्यांचं. मी पाहिलं त्याला कायद्यात किंमत नाही.”

केतकीने मान वर केली नाही. या माणसाकडून तिला कसली आशा नव्हती.

“तिची आहेत,” निनाद म्हणाला. “तसं लिहा.”

इतक्या सहज? केतकीने त्याच्याकडे निरखून पाहिलं. यातही काही काळंबेरं असेल का, हे तिला ठरवता येईना. ताकही फुंकून प्यायची सवय अशी एका वाक्याने जात नाही.

“आता तुमची नवी ओळख नोंदवू,” मॅडम म्हणाल्या. “आपल्या नेहमीच्या चालीने या, ताई.”

केतकी दाराशी जाऊन उभी राहिली. आपला पाय ओढतो, हे कळल्यावर तिला तसं चालवेना, आणि सरळ पाऊल टाकायला गेली तर पायाला ते आठवेना. आई-वडील असते तर त्यांना विचारलं असतं. आता या जगात ते ठाऊक असणारा एकच माणूस उरला होता.

“लग्नाआधी मी कशी चालायचे?” तिने विचारलं.

“भरभर. टाच जेमतेम टेकायची,” निनाद म्हणाला. “मला तुझ्यामागे धावावं लागायचं.”

“चालून दाखव.”

तो अवघडला. मग दारापासून ओट्यापर्यंत भरभर, टाचा उचलत चालून गेला. पाटीवर पाहुण्याचा पिवळा ठिपका लगबगीने सरकला. केतकी त्याच्या पावलांवर डोळे रोखून होती. तिने पहिलं पाऊल उचललं आणि तसंच अधांतरी धरलं. ही खरंच आपली चाल, की त्याला हवी तशी आठवलेली?