मांडवाआडचा पाऊस

डोळे मिटा पाहू. तुम्ही खालापूरकडच्या एका लहानशा गावात, डोंगराच्या पायथ्याशी उभे आहात. गणपतीची सुट्टी लागली आहे. समोर शाळेचं मैदान. मैदानाच्या कडेला सार्वजनिक गणपतीचा पत्र्याचा मोठा मांडव, आणि मांडवाला अगदी खेटून, डोंगराकडच्या बाजूला, तारेच्या कुंपणात, एक पांढरं नळकांडं. ते पर्जन्यमापक, म्हणजे पाऊस मोजायचं यंत्र. दिसलं? आता उघडा डोळे, कारण कोंडी धावत येते आहे!

"अबोली! यज्ञेश! पंचायतीचा फळा बघितला का रं? कालचा पाऊस फक्त पासष्ट मिलिमीटर लिवलाय!"

अबोली आणि तिचा धाकटा भाऊ यज्ञेश कर्जतहून मालतीमावशीकडे आले होते. मावशी गावच्या शाळेत शिक्षिका. कोंडी राहायची वर, डोंगराच्या उतारावरच्या वाडीत.

"पासष्ट तर पासष्ट! त्यात धावण्यासारखं काय आहे?" यज्ञेश चकली चावत म्हणाला.

"आमच्या अंगणातलं घमेलं भरून वाहून चाललंय! वढ्याचं पानी लाल झालंय. आजा म्हनतो, डोंगर पानी पिऊन फुगलाय. एका दिवसाचा आकडा दोनशेवर गेला की वाडी खाली शाळेत आणायची, असं ठरलंय. पन आठ दिवस झाले, आकडा वर जातच नाय!"

आता मात्र यज्ञेशची चकली हातातच राहिली.

तिघं पंचायतीत गेली. शिपाई सदूकाका रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजून फळ्यावर लिहायचे.

"काका, यंत्र चुकत तर नसेल?" अबोलीने विचारलं.

"ए पोरी, चौदा वर्षं मोजतोय मी! सरकारी यंत्र हाय ते. खोटं बोलंल का?"

सदूकाका खरंच खोटं बोलत नव्हते. जेवढं पाणी नळकांड्यात सापडे, तेवढंच ते लिहीत. मग गडबड होती कुठं?

"आपणच मोजू या!" अबोली म्हणाली. "घमेलं नको, त्याचं तोंड रुंद आणि तळ अरुंद. सरळ उभा डबा हवा. आत साठलेल्या पाण्याची खोली पट्टीनं मोजायची. दहा मिलिमीटर पाणी म्हणजे दहा मिलिमीटर पाऊस!"

"डबे देते, पण त्यातल्या चकल्या कुठं ठेवू?" मावशीने विचारलं.

"मी आहे ना!" यज्ञेश छाती पुढे काढून म्हणाला.

एक डबा कोंडीने वाडीवर नेला. दुसरा मैदानाच्या मधोमध खुंटाला बांधला. तिसरा यंत्राशेजारी, कुंपणाला. रात्रभर पाऊस झोडपत होता.

सकाळी साडेआठला कोंडी भिजून चिंब, पण डबा सांभाळत खाली उतरली. यज्ञेशने पट्टी बुडवली.

"वाडी, दोनशे चोवीस! मैदान, दोनशे नऊ! यंत्राजवळ... एकाहत्तर?"

तिकडे सदूकाकांनी फळ्यावर लिहिलं, सत्तर.

"म्हंजे यंत्र बरोबर हाय, आन् आपला डबा पन बरोबर हाय!" कोंडी चक्रावली. "एकाच मैदानात दोन पाऊस?"

अबोली मांडवावरच्या पताकांकडे बघत होती. साऱ्या पताका डोंगराच्या दिशेला फडफडत होत्या. "मावशी, वारा समुद्राकडून येतोय ना?"

"पावसाळ्यात तिकडूनच येतो," मावशी म्हणाली. "येताना बाष्प घेऊन येतो. सह्याद्री आडवा आला की वारा वर चढतो, थंड होतो, आणि पाऊस इकडे आपल्या अंगावर ओततो. घाट ओलांडून गेलं की पलीकडे फारसं उरतच नाही. हिवाळ्यात वारा उलट फिरतो, जमिनीकडून समुद्राकडे, म्हणून तेव्हा इथं कोरडं. आपल्या देशाचा बहुतेक पाऊस या चार महिन्यांतच पडतो."

"मग हा मांडव म्हणजे सह्याद्री!" अबोली ओरडली. "आणि यंत्र बसलंय घाटापलीकडे!"

"आठ दिवसांपूर्वीच मांडव घातला!" यज्ञेशने उडी मारली.

मावशी हसली. "डोंगराची करामत मोठी आहे गं, मांडव हा नुसता आडोसा. पण तिरका पाऊस तो अडवतो, हे खरं. आडोसा जेवढा उंच, निदान त्याच्या दुप्पट अंतरावर यंत्र हवं. मी रोज इथून जाते, आणि माझ्याही लक्षात आलं नाही! चला, सरपंचांकडे!"

मांडवात आरतीची तयारी चालली होती. सरपंच वनिताताई समया पुसत होत्या. सगळं ऐकून त्यांचा हात थांबला. पण सदूकाका उसळले.

"डब्यात कुनी तांब्या ओतला नसंल कशावरून? चकल्यांच्या डब्यावर गाव हलवायचं का?"

"बरोबर आहे काका," यज्ञेश शांतपणे म्हणाला. "आमच्यावर विश्वास ठेवूच नका. हे दोन डबे रिकामे करा. तुमच्याच हातानं एक यंत्राजवळ ठेवा, एक मैदानात. आरती संपली की तुम्हीच मोजा. आम्ही जागचे हलणार नाही!"

सगळ्या गावासमोर काका नाही कसं म्हणणार? त्यांनी डबे ठेवले. झांजा वाजत होत्या, पण कोंडीचं लक्ष डोंगराकडे होतं. आरती संपताच काका गेले आणि परत आले. त्यांच्या टोपीवरून पाणी निथळत होतं.

"यंत्राजवळ चार," ते हळूच म्हणाले. "मैदानात... बारा. ताई, मांडवाची जागा मीच दाखवली व्हती. वाडी खाली आना. आत्ताच्या आत्ता!"

वनिताताईंनी मांडवातला माइक हातात घेतला. क्षणात भोंग्यातून हाक गेली. मंडळाचे सगळे कार्यकर्ते वाडीकडे धावले, आणि सर्वांत पुढे होते सदूकाका! म्हातारी माणसं पाठीवर, लेकरं कडेवर. कोंडीचा आजा तेवढा दारात बसून राहिला.

"शेळ्यांना सोडून मी येनार नाय!"

"मग शेळ्या घेऊन ये की रं आज्या! शाळेत त्यांचं नाव घालू!" कोंडीने दोरीच सोडली.

दुपारी शाळेत मोजणी झाली. एकोणपन्नास माणसं, सतरा शेळ्या. एकही कमी नाही!

चार वाजता डोंगर गडगडला. लाल मातीचा लोट वाडीवरची दोन घरं आणि आज्याचा गोठा घेऊन ओढ्यात उतरला. आत कोणीच नव्हतं. आज्याने कोंडीचं डोकं छातीशी धरलं, आणि किती तरी वेळ सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या मुलांनी यंत्र मैदानाच्या मधोमध नेऊन पक्कं बसवलं. त्याच्या पुढच्या दिवशी सकाळी मांडव माणसांनी भरून गेला.

"आम्ही मोठी माणसं आकड्याकडे बघत राहिलो," वनिताताई म्हणाल्या. "या पोरांनी आकाशाकडे बघितलं. तिघांना शाबासकी साऱ्या गावाकडून! आणि वाडीची घरं आता सपाटीवर बांधू, त्याशिवाय मी गप्प बसणार नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला. सदूकाका पुढे आले. त्यांनी पाऊस मोजायची काचेची नळी कोंडीच्या हातात दिली. "चौदा वर्षं मी मोजला. सुट्टीभर आता तू मोज गं पोरी."

"कोंडे, पहिली आरती तुझ्या हातची!" कुणीतरी ओरडलं.

कोंडीने घड्याळाकडे पाहिलं. साडेआठला दोन मिनिटं कमी होती.

"आरती थांबंल, पाऊस नाय थांबनार!" असं म्हणत तिने ताट अबोलीच्या हातात दिलं, दिवा पदराखाली झाकावा तशी नळी ओढणीत धरली, आणि भर पावसात मैदानाच्या मधोमध धाव घेतली.

थोड्या वेळाने फळ्यावर नवा आकडा उमटला. शहाण्णव. खाली ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, 'मोजणारी: कोंडी.'