कोपऱ्यातली माती

"दाजी, पोकलेनचा बूम बसतोय," मेहुणा जेवता जेवता म्हणाला, आणि मिस्त्रीच्या जिवात जीव आला.

आठवडाभर हा पोरगा तोंड पाडून हिंडत होता. गालफडं बसली होती, डोळे खोल गेले होते, आणि रोज त्याच्या ताटाकडे बघून त्याची बहीण पदराला डोळे पुसत होती. कुठल्या मुलीनं नकार दिला असेल, नाहीतर वाईट संगत लागली असेल, असं मिस्त्रीनं मनाशी काय काय धरलं होतं. आणि निघालं काय, तर तो चालवायचा त्या पोकलेनच्या हायड्रॉलिकचं दुखणं! ते तर त्याच्या डाव्या हातचा मळ. उभी हयात त्यानं खोदाईच्या यंत्रांचं तेल अंगाखांद्यावर घेतलं होतं.

"सील गेलं असेल," तो म्हणाला. "इंजिन बंद केलं की उचललेला बूम हळूहळू खाली येतो, हेच ना? अरे, वय झालं की माणसाचेसुद्धा खांदे उतरतात."

"खाली येतो."

"मग?"

"मग वर जातो. मग परत खाली येतो."

मिस्त्रीचा हात घासापाशीच थांबला. इंजिन बंद असताना बूम, यंत्राचा तो लोखंडी हात, खाली येईल, एकदा सोडून हजारदा येईल. पण वर जाणं म्हणजे दोराशिवाय बादली विहिरीबाहेर येणं. "मेहुणेबुवा, तुमची झोप पुरी होत नाहीये," त्यानं चेष्टा केली. मेहुणा हसला नाही. उजवा हात मांडीखाली दाबून तो डाव्या हातातल्या चमच्यानं जेवत होता.

झोपेचं मात्र खरं होतं. मेहुणा राहायचा त्या मागच्या खोलीतून रात्री टप, टप असा आवाज यायचा. नळ गळतोय म्हणून मिस्त्रीनं नळाचा वॉशर बदलला, मग अख्खा नळ बदलला. आवाज काही गेला नाही.

भांडी घासता घासता बायको म्हणाली, "तुम्ही स्वतः जाऊन बघा. माझं माहेर म्हणजे आता तो एकटाच उरलाय." मिस्त्रीनं हत्यारांची पेटी दाराशी आणून ठेवली.

काम एका मोठ्या इमारतीच्या पायाचं होतं. दोन जुन्या इमारतींच्या मधोमध चौकोनी खड्डा खोदला होता. तीन बाजूंना कापलेल्या मातीच्या उभ्या भिंती, चौथीकडून गाड्या उतरायला उतार. खाली रस्त्याचा आवाज जवळजवळ येतच नव्हता. सगळा खड्डा सरळ रेषेत खोदलेला, फक्त लांबच्या कोपऱ्यात मातीचा एक तुकडा तसाच सोडलेला होता. वरून गुळगुळीत, एखाद्या लहान गादीएवढा.

"तो कोपरा राहिलाय," मुकादम म्हणाला. "तुमचा मेहुणा तिथे बकेट लावायला तयार नाही. म्हणतो मशीन बिघडलंय. मशीन तरी दुरुस्त करा, नाहीतर मेहुणा तरी!"

मजूर जेवायला वर गेल्यावर मिस्त्रीनं तपासणी सुरू केली. त्याची रीत ठरलेली होती. अंदाज बांधायचा नाही, एकेक शक्यता बाद करत जायचं. त्यानं मेहुण्याला सीटवर बसवलं, यंत्राचं तोंड कोपऱ्यापासून उलट्या दिशेला, उताराकडे वळवायला लावलं आणि बूम उंच धरून इंजिन बंद करायला सांगितलं. किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. "हात काखेत घाल," तो म्हणाला. "लिव्हरला बोटसुद्धा लावायचं नाही."

बूम उतरू लागला. अगदी सावकाश, सील गेलेल्या बूमसारखा. मिस्त्री समाधानानं मान हलवणार, एवढ्यात वरची केबिन फिरू लागली.

ब्रेक लागलेला होता. तरी केबिन मेहुण्यासकट फिरली, कोपऱ्याकडे तोंड करून थांबली. बूमच्या टोकाचं बकेट त्या गुळगुळीत मातीवर टेकलं. वर उचललं गेलं. पुन्हा टेकलं. लोखंडाचं ते धूड असं हलक्या हातानं टेकत होतं की मातीवर चरासुद्धा उठत नव्हता. तान्ह्या मुलाला थोपटावं तसं ते मातीला थोपटत होतं.

काचेआड मेहुणा हात काखेत घालून बसला होता. त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं.

मिस्त्री दोन पावलं मागे सरला. पण घाबरलेल्या माणसाला कामाचाच आधार असतो. इंजिन बंद केल्यावरही साठ्यात थोडा दाब उरतो. तो त्यानं लिव्हर हलवून हलवून सोडून दिला. गेज लावला, काटा शून्यावर. मग बूमच्या सिलिंडरचे होस पाइप काढले आणि दोन्ही तोंडांना बुचं ठोकली. आता तेल आत येणार नाही आणि बाहेरही जाणार नाही, म्हणजे बूम थिजून जायला हवा.

बूम वर गेला. खाली आला.

मिस्त्रीनं लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला, त्याचं टोक सिलिंडरला लावलं आणि मूठ कानाला. आतली गळती अशीच ऐकतात. फटीतून तेल निसटताना बारीक फुसफुसतं. त्याला फुसफुस ऐकू आली नाही. बकेट मातीला टेकल्यावर लोखंडातून एक आवाज वर आला, कुणीतरी झोपेत कूस बदलल्यासारखा.

त्यानं स्क्रू ड्रायव्हर टाकून दिला.

पोकलेन वर्कशॉपला गेलं आणि तिथे दिवसभर शहाण्यासारखं वागलं. खड्ड्यात दुसरं यंत्र आलं. मेहुणा त्यावर बसला, इंजिन बंद केलं, आणि त्या यंत्रानंही तेच सुरू केलं.

"तू त्या कोपऱ्यात काय केलंस?" मिस्त्रीनं विचारलं. आता त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती.

"काही नाही हो, दाजी. तिथे बकेट लावलं तर माती एकदम मऊ लागली. लावलं तेवढ्यात ती जराशी वर आली. फुगली. मला वाटलं खाली पाण्याची लाईन असेल." मेहुण्यानं कोपऱ्याकडे पाठ केली. "म्हणून बकेटनं चोपून सपाट केली. आपण नेहमी करतो तशी."

खोदणारा प्रत्येक जण हे करतो. मोकळी माती दिसली की बकेटच्या पाठीनं दोनदा चोपायची, हात आपोआप जातो. त्यात चूक कसली?

मिस्त्रीनं मनातल्या मनात हिशेब मांडला. तेल बाद. पंप बाद. यंत्र बाद. आता बदलायचं राहिलं होतं ते फक्त माणूस. "तू फाटकाबाहेर जा," तो म्हणाला. "रस्त्यापलीकडे उभा राहा. मी बसतो."

"दाजी, नको."

"तुझ्या ताईला काय तोंड दाखवू मी? जा म्हणतो ना."

मेहुणा मागे वळून वळून बघत उतार चढून गेला. मिस्त्री सीटवर बसला. इंजिन बंद, किल्ली जागेवर, हात मांडीवर. भर दुपारचं ऊन खड्ड्यात सरळ उतरलं होतं. तो बूमकडे डोळे लावून बसला.

बूम हलला नाही. त्याला हायसं वाटलं.

मग त्यानं कोपऱ्याकडे पाहिलं.

माती वर येत होती.

फार नाही. पांघरुणाखाली कुणी गुडघे जवळ घ्यावेत, तेवढीच. तिला एक बारीक भेग गेली. भेगेतून काहीच बाहेर आलं नाही. फक्त केबिनच्या काचा थरथरल्या, आणि मिस्त्रीच्या दातांना ते जाणवलं. खाली कुणीतरी जागं होत होतं, आणि जागं झाल्यावर रडणार होतं. हे त्याला कसं कळलं ते त्याला सांगता आलं नसतं. ते रडणं आपल्याला ऐकायचं नाही, कोणीच ते ऐकू नये, एवढंच त्याला कळत होतं.

त्याचा हात किल्लीकडे गेला. इंजिन धडधडलं. त्यानं केबिन वळवली, बकेट नेलं आणि मातीवर टेकवलं.

एकदा. दोनदा. हलक्या हातानं.

भेग मिटली. माती खाली बसली. काचा थांबल्या.

इंजिन बंद करून तो घामानं निथळत बसून राहिला. नवखे मेकॅनिक एक गाढवपणा हमखास करतात: टाकीतलं घाण तेल तसंच ठेवून नवा पंप बसवतात, आणि नवा पंपही जातो. कित्येकांना त्यानं यावरून झापलं होतं, आणि आज स्वतः तेच केलं होतं.

फाटकातून मेहुणा धावत आला. तो हसत होता आणि रडत होता. "दाजी! हात सुटला!" उजवा हात त्यानं उंच धरला होता, बोटं पसरून, फिरवून फिरवून बघत. "बघा ना, आता आपोआप हलत नाही. काय केलंत तुम्ही?"

"सील होतं," मिस्त्री म्हणाला. "बदललं." मग त्यानं मुकादमाला सांगितलं, तो कोपरा खोदू नका, खाली जुनी लाईन आहे, आहे तसा काँक्रीटखाली घ्या. मुकादमाला काम उरकण्याशी मतलब होता.

त्या संध्याकाळी मेहुणा दोन्ही हातांनी जेवला. पुन्हा वाढून घेतलं, बहिणीला चिडवलं, आणि उजेड असतानाच मागच्या खोलीत जाऊन घोरू लागला. बायको कितीतरी दिवसांनी गुणगुणत होती. ओल्या हातांनी ती बाहेरच्या खोलीत आली.

"माझं माहेर परत आणलंत हो तुम्ही," ती म्हणाली.

मिस्त्री भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता. तो तिच्याकडे बघून हसला. खूप दिवसांनी घर घरासारखं वाटत होतं.

"अहो," बायको म्हणाली. "हात."

त्यानं खाली पाहिलं. त्याचा उजवा हात फरशीवर टेकत होता, उचलला जात होता, टेकत होता. त्याला काहीच जाणवत नव्हतं. तो हात त्याचा नसल्यासारखा त्याच्या खांद्याला जोडलेला होता.

बायको झटकन खाली बसली. दोन्ही हातांनी तिनं तो हात धरला आणि सगळा जोर लावून छातीशी दाबून ठेवला. हात थांबला. मागच्या खोलीत मेहुणा सुखानं घोरत होता.

बायकोनं मान खाली घातली. तिच्या गुडघ्याशी असलेल्या फरशीकडे ती बघत होती. दोन फरश्यांमधली फट बारीकशी उघडत होती.

तिनं त्याचा हात छातीपासून सोडवला, हळूच खाली नेला आणि परत फरशीवर ठेवला.

"थोपटा," ती कुजबुजली. "उठतंय ते."