उलटी रांग

लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकली, तेव्हा माझ्या हातात आईबाबांच्या लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसाचा तीनमजली केक होता. पंधरा मिनिटं मी त्या केकला धरून नुसती उभी. मग वरचं दार किलकिलं झालं आणि फटीतून एक चेहरा डोकावला... कपाळाला ग्रीस, नाकावर वाकडा चष्मा.

“आधी केक द्या,” तो म्हणाला, “मग तुम्हाला काढतो.”

“म्हणजे केक जास्त महत्त्वाचा?”

“तुम्ही वितळणार नाही. केकचा भरवसा नाही.”

मी केक दिला. मग हात दिला. वर आल्यावर तो हात सोडायला आम्हा दोघांनाही जरा उशीरच झाला. घाबरले होते हे दिसू नये म्हणून मी काहीतरी बरळत सुटले. “एरवी मी जिन्यानंच जाते. लिफ्ट लागतेच कुणाला? रोज पळते मी. किलोमीटरला पाच मिनिटं!”

“पाच?” त्यानं चष्मा वर सरकवला. “बाप रे.”

साफ खोटं. मी चष्म्याच्या दुकानात दिवसभर स्टुलावर बसून लोकांच्या फ्रेमा सरळ करते. पळण्याशी माझा संबंध बस सुटण्यापुरता.

आमच्या इमारतीतलं त्याचं लिफ्टदुरुस्तीचं काम त्याच दिवशी संपत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या गाडीनं कंपनी त्याला दुसऱ्या गावी पाठवणार होती, निदान सहा महिन्यांसाठी. हे मला कळलं ते बाबांमुळे. त्यांनी “मुलीला आणि केकला वाचवलंत” म्हणून त्याला हाताला धरून थेट पाहुण्यांत आणून बसवलं. संध्याकाळभर तो माझ्याकडे बघायचा, मी बघितलं की केककडे बघायचा. मला फार छान वाटत होतं. ते टिकलं सुसाट येईपर्यंत.

सुसाट म्हणजे माझी मावसबहीण. नाव पडलंय ते चालीवरून. ती पळते, पोहते, हसते, आणि तिला घामसुद्धा शोभतो. माझं तिच्यावर प्रेम आहे. पण जरा लांब राहत असती तर आणखी असतं.

आता आमच्या घरचा रिवाज सांगायला हवा. बाबा शाळेत खेळाचे शिक्षक होते. घरात काहीही साजरं झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला सगळ्यांनी कालव्याकाठी चार किलोमीटर पळायचं, पाहुण्यांनीसुद्धा. शाळेत दरवर्षी एकच मूल जिंकायचं आणि बाकीची रडायची, हे बाबांच्या मनाला फार लागलं होतं. म्हणून घरात उलटी रांग. जो सगळ्यात हळू, तो आधी सुटतो. जो सगळ्यात जोरात, तो सगळ्यात शेवटी. वेळा अशा जुळवायच्या की सगळे एकदमच इमारतीच्या फाटकात परत पोचतील. कुणी पहिलं नाही, कुणी शेवटचं नाही. बाबा स्वतः मात्र शिट्टी घेऊन सायकलवर, गुडघ्याचं निमित्त सांगून. उंटावरून शेळ्या हाकणं कशाला म्हणतात ते आमच्याकडे येऊन बघावं.

तर केक खाता खाता बाबांनी पाहुण्यांना वेग विचारायला सुरुवात केली; घरच्यांचे त्यांना पाठच होते. सुसाट म्हणाली, “पाच मिनिटं, काका.”

“आणि तुमचं?” बाबांनी लिफ्टवाल्याला विचारलं.

त्यानं चष्मा वर सरकवला. “माझंही... पाचच.”

सुसाटनं टाळी वाजवली. “अरे वा! मग आपण बरोबर!”

मी केकची बशी खाली ठेवली. तिनं आकडा सांगितला आणि यानं लगेच ‘मीही’ म्हटलं! रात्रभर मी कूस बदलत होते. मत्सरापुढे कुणाची अक्कल चालते? माझी तर मुळीच चालली नाही.

सकाळी फाटकाशी तो माझ्याआधी हजर. पायात कामाचेच जाड बूट. मला बघून तो हसत पुढे आला, तेवढ्यात बाबांनी शिट्टी फुंकली. “पहिली जोडी! काकू आणि धाकटी! नऊ मिनिटंवाल्या!”

धाकटी म्हणजे मी. त्याचं हसू गोंधळलं. तो काहीतरी बोलणार, इतक्यात सुसाटनं त्याची बाही ओढली. “इकडे या, आधी पाय मोकळे करू.”

तो गेला! बाही सोडवून घेतली नाही, काही नाही. मीही मान ताठ करून काकूबरोबर निघाले.

काकूबरोबर पळणं म्हणजे गप्पा मारत थोडं घाईनं चालणं. “हवा छान आहे,” काकू म्हणाली. मी हूं म्हटलं. “मुलगा चांगला आहे,” काकू म्हणाली. मी पावलं जरा मोठी टाकली. “सुसाटला शोभेल नाही?” आता मात्र अंगाचा तिळपापड झाला.

“काकू, बोलू नकोस. धाप लागते.”

“मला कुठे लागते?”

दोन किलोमीटरवरच्या वळणाच्या खांबाला हात लावून आम्ही परत फिरलो. थोड्या वेळानं समोरून ती दोघं येताना दिसली. खांद्याला खांदा. ती हसत होती. आणि त्याचा चष्मा तिच्या हातात होता! पळता पळता ती टी-शर्टच्या टोकानं तो पुसत होती. टी-शर्टनं! भिंगावर ओरखडे पडतात, हे मी दिवसातून दहा लोकांना सांगते. त्या चष्म्याची डावी काडी वाकलेली आहे, हे आधी कुणी पाहिलं होतं? मी! सरळ करायचा हक्क कुणाचा होता?

त्यानं माझ्याकडे बघून हात वर केला. मी कालव्याकडे तोंड फिरवलं.

मग मला काय झालं कोण जाणे, काकूला सोडून मी पळत सुटले. खरंच पळत. नऊ मिनिटंवाली बाई सहावर गेली असेल. जाऊ दे त्याला दहाच्या गाडीनं, जाऊ दे सुसाटबरोबर, जाऊ दे कुठेही... असं म्हणत म्हणत पोटात अशी कळ आली, की झाडाला धरून वाकावंच लागलं. काकू शांतपणे मला ओलांडून पुढे गेली.

आणि मागून सुसाट आली. एकटी.

“तो कुठाय?” मी विचारलं.

“खांबापाशी बसलाय. पोटरीत गोळा आला.” ती जागच्या जागी पळत उभी राहिली. “अगं, त्याला पळता येत नाही! पहिल्या वळणालाच जीभ बाहेर. मी म्हटलं, मग पाच कशाला सांगितलंत? तर म्हणे, तू पाचनं पळतेस, म्हणून. तू सांगितलंस त्याला?”

मी झाडाची साल खरवडायला लागले.

“सांगितलंस?” सुसाट खो-खो हसायला लागली. “सारखं एकच विचारत होता... त्या पहिल्या का सुटल्या, त्यांचा पाय दुखतोय का, त्या रागावल्यात का... मी थांबत होते, पण म्हणाला, तुम्ही जा, त्यांना गाठा. जा आता! नाहीतर मी जाते.”

“तू काही जाऊ नकोस,” मी म्हटलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा उलट्या रांगेत उलटी पळाले. स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतला होता, तरी पाय चांगले चालत होते.

तो खांबाशेजारच्या कठड्यावर बसला होता, एक बूट काढून.

“परत आलात?” तो म्हणाला.

“पाय द्या इकडे.” मी त्याची पोटरी चोळायला लागले. वर बघायची हिंमत नव्हती. “मी नऊनं पळते. तेही काकू बरोबर असली तर.”

“मग पाच?”

“खोटं बोलले... तुमच्यासमोर भाव खायला.”

तो इतका हसला, की पोटरीतला गोळा पुन्हा आला. “आणि मी सकाळपासून कुणासाठी मरतोय?”

“सुसाटसाठी, असं वाटलं.” निघूनच गेलं तोंडातून. मग म्हटलं, आता काय लपवायचं! “काल रात्रीपासून जळतेय मी. चष्मा तिच्या हातात दिसला तेव्हा तर वाटलं, दोघांना कालव्यात ढकलावं.”

“मला पोहता येतं,” तो म्हणाला. मग आवाज खाली गेला. “मी आजच्यासाठीच थांबलो हो. नाहीतर काल रात्रीच्याच गाडीनं गेलो असतो. म्हटलं, चार किलोमीटर तरी यांच्याबरोबर मिळतील.”

मी पोटरी चोळायची थांबले. हात मात्र काढला नाही.

सायकलची घंटी वाजली. बाबा! “सगळे फाटकाशी खोळंबलेत! झालं काय?” ते उतरले, आधी त्याच्या पायाकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे, मग माझ्या तोंडाकडे. तीस वर्षं मुलांना पळवणारा माणूस सायकल वळवता वळवता म्हणाला, “या सावकाश.” शिट्टी न वाजवताच गेले.

तो उठला. लंगडत होता, म्हणून मी हात दिला. लंगडणं थांबलं, तरी हात तिथेच होता.

“दहाची गाडी आहे,” तो म्हणाला.

“माहीत आहे.”

“दर दुसऱ्या रविवारी सुट्टी असते. आलो तर चालेल?”

“नाही आलात तर चालणार नाही.”

फाटक लांब दिसायला लागलं. सगळे रांगेत उभे होते, सुसाट दोन्ही हात हलवत होती.

“पोचलो की फोन करू?”

“करा. सगळ्यात आधी मला.”

“आईच्याही आधी?”

मी विचार केला. “बरं, आईला आधी. मग मला.”

“आणि तुमच्या मावसबहिणीला? बिचारीनं फार धीर दिला हो.”

“तिला,” मी त्याचा हात घट्ट धरून म्हटलं, “मी सांगेन.”