पहिल्या पंगतीचं पान

बस अशी माझ्याजवळ, सूनबाई. कंदील थोडा पुढं ओढ. आज माझी साठी आहे, तेव्हा आज मी बोलणार आणि तू ऐकणार. एरवी मी तुझंच ऐकत असते.

अक्षय्य तृतीयेच्या, म्हणजे आखाजीच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे एक पान जास्तीचं का मांडतात, असं तू लग्नापासून विचारते आहेस. तर ऐक. तेव्हा आपला वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता. मी सव्वीस वर्षांची होते आणि माझ्या सासूबाई, मनकर्णाबाई, बरोबर आजच्याच तिथीला साठ वर्षांच्या झाल्या होत्या.

त्यांना आम्ही सगळे बाईच म्हणायचो. काय बाई होती, सांगू! घरात तीस माणसं जेवून उठली की ही सगळ्यांत शेवटी बसणार, गार भाकरी आणि तळाचं वरण घेऊन. कोणी म्हटलं, "बाई, बसा की आता," तर उत्तर ठरलेलं. "मी मागून बसते नं." हातात कायम बांबूचा पंखा. त्याची लाल कापडाची किनार तिनेच शिवलेली. लोकांना वाढायचं आणि वारा घालायचा, बस्स. मला त्याचा फार राग यायचा. म्हणून मी हट्टच धरला होता, साठीच्या दिवशी तरी बाई पहिल्या पंगतीला बसतील, तव्यावरची पोळी खातील, आणि पान संपेपर्यंत जागची उठणार नाहीत. देऊळघाटला नणंदेकडे, गीताबाईंकडे, सगळी तयारी होती. दिवेलागणीला ओवाळायचं आणि लगेच पानं वाढायची. मी, तुझे सासरे हिंमतराव आणि बाई, असे तिघं मलकापूरहून बुलढाण्याच्या मोटारीत बसलो.

आणि राजूरच्या घाटाखाली मोटार बसली! दिवस कलायला लागलेला. ड्रायव्हर बशीरभाई खाली उतरून चाकांकडे बघत राहिला.

"दोन्ही चाकं गेली, हिंमतराव. एक बदलतो, पन दुसऱ्याची ट्यूब जोडा लागते. घंटा-दीड घंटा धरा."

मला रडूच कोसळायचं बाकी होतं. बाई मात्र खूश. "बरं झालं. मी काय लहान पोट्टी हाये का, वाढदिवस कराले?"

"तुम्ही गप्प बसा," मी म्हटलं. सासूला असं बोलायची ती माझी पहिलीच वेळ.

मग ह्यांना पिटाळलं, कुठं जेवायची सोय होते का बघायला. चहाचं एक दुकान होतं, त्याचा मालक कुलूप लावून लग्नाला गेलेला. बशीरभाई म्हणाला, "माही मावशी, अमीना खाला, खुशीनं जेवू घालते, पन ते राह्यते रोहिणखेडले. लय मागं राह्यलं ते." हे इकडेतिकडे फिरून अर्ध्या तासाने परत आले, धोतराच्या सोग्यात मूठभर फुटाणे घेऊन.

"एवढंच मिळालं."

"साठीला फुटाणे! घोड्याची साठी आहे का?" मी ओरडले. बाई इतकी हसली, इतकी हसली, की तिला ठसका लागला. हेही हसले. शेवटी मलाही हसू फुटलं. पोटात भूक, अंगावर धूळ, आणि रस्त्याच्या कडेला आम्ही वेड्यासारखे हसतोय.

तेवढ्यात वास आला. साजूक तूप तापल्याचा, आणि जायफळाचा.

रस्त्यापासून शंभरेक पावलांवर मोठी चिंच होती. तिच्याखाली दिवा दिसला. मघाशी हे त्याच बाजूने गेले होते, तेव्हा काही नव्हतं म्हणाले. जवळ गेलो तर कुडाची स्वच्छ सारवलेली खोली, आणि दारात एक उंच, वाळकी बाई. वय सांगता यायचं नाही.

"या," ती म्हणाली. "पानं मांडेलच हायेत."

खरंच मांडलेली होती. पळसाच्या तीन पत्रावळी, तीन पाट. आम्ही तिघं येणार हे हिला कोणी सांगितलं, असं माझ्या मनात आलं. पण खरं सांगू? मला तेव्हा आनंद इतका झाला होता, की शंकेला जागाच नव्हती. तिच्याकडचं निरांजन घेतलं, बाईंना ओवाळलं, नमस्कार केला. बाईंचे डोळे भरून आले. नंतर त्या बाईने पोळ्या वाढायला सुरुवात केली. बोटं भाजतील अशा पोळ्या, वर तुपाची धार, वाटीत आमरस. पहिला घास घेतला आणि बाई डोळे मिटून म्हणाली, "माय व! गरम पोळी अशी लागते काय?"

बाहेर वैशाखातला वारा सुटला होता. चिंच घुसळून निघत होती. आत मात्र दिव्याची ज्योत हलत नव्हती आणि पत्रावळीचं पान फडफडत नव्हतं. मी आमरस आणायला म्हणून मागच्या चुलीकडे डोकावले. चुलीत नुसती राख होती, काळी, गार... अन् तवा तिच्यावरच होता. तव्यावर पोळी फुगत होती.

मी परत येऊन पाटावर बसले. बाई पहिल्यांदा गरम जेवत होती. मी तिला उठवणार नव्हते, जे व्हायचं असेल ते होवो.

"तुम्ही बी बसा न," बाई वाढणारीला म्हणाली.

"मी मागून बसते," ती हळूच म्हणाली.

झालं! बाईने हातातला घास खाली ठेवला. "मागून, मागून! साठ वर्षं मी बी हेच म्हनून राह्यली. मागून काही नसते व. मागून फक्त गार राह्यते." आणि मला म्हणाली, "कोकिळा, पाट मांड. आता तू वाढ."

मी पाट मांडला. ती बाई कितीतरी वेळ उभीच राहिली. मग बसली. मी वाढताना तिच्या हाताला माझा हात लागला, तो विहिरीच्या तळच्या पाण्यासारखा गार होता. ती जेवायला लागली... आणि जेवतच राहिली. माझ्या हातून पोळी सुटत होती आणि टोपलीतल्या पोळ्या काही कमी होत नव्हत्या. बाई डाव्या हाताने तिला पंखा घालत होती. ह्यांनी तर एव्हाना चारदा ढेकर दिली होती.

"तुमचा वाढदिवस कधी असते?" बाईने तिला विचारलं.

"मले कोनी इचारलंच नाही."

"अन् तुझा व, कोकिळा?"

मला जन्म देतानाच माझी आई गेली. वडिलांनी ती तिथी कधी तोंडातून काढली नाही. मी तसं सांगितलं. बाईने ताबडतोब निकाल लावून टाकला. "मंग आजचाच धरा. तिघींचा बी आजचाच!" आम्ही तिघी खळखळून हसलो. ती बाईसुद्धा. तिचं हसू अगदी लहान मुलीचं होतं.

निघताना तिने पैसे घेतले नाहीत. बाईने आपला पंखा तिच्या हातात दिला आणि जेवून निघालेला कोणीही म्हणतो तेच म्हणाली, "आता तुमी या आमच्याकडे. दर साली या, आजच्याच दिवशी. तुमचं पान मांडून ठेवतो."

"अन् मंग मी तुमाले बोलावीन," ती म्हणाली. "जेवून गेल्यावर परत बोलवा लागते."

"हाव, येऊ न!" बाई म्हणाली. माझ्याही वतीने म्हणाली.

मोटारीपाशी आलो तर बशीरभाई आमच्याकडे विचित्र नजरेने बघत होता.

"काऊन बे, असा काय पाह्यतं?" ह्यांनी विचारलं.

"काही नाही, मालक... तुमी तिघं तिथं अंधारात, चिंचेखाली बसून घंटाभर हसत होते. मी दोन आवाजा देल्या."

"अंधारात? अरे, खानावळ आहे तिथं!"

बशीरने कानाला हात लावले. त्याने मोटार घाट चढवून वर आणली. मग म्हणाला, की मोठ्या दुष्काळात तिथं एक बाई येणाऱ्या-जाणाऱ्यांना रांधून घालायची. शेवटचा दाणासुद्धा तिने दुसऱ्यालाच वाढला. तिच्या वाटचं उरलंच नाही. माझ्या बोटांना तुपाचा वास तसाच होता.

बाईने शांतपणे विचारलं, "आज पोटभर जेवली नं ते? मंग झालं."

पुढच्या वर्षीपासून आपल्याकडे हे जास्तीचं पान. त्या पानातलं काही कमी झालेलं मी कधी पाहिलं नाही. पण पहिल्याच वर्षी, दुसऱ्या दिवशी सकाळी सैपाकघरात गेले, तर खुंटीला पंखा टांगलेला. लाल किनारीचा, बाईंनी तिथं देऊन टाकलेला. बाई खूश झाली. "येऊन गेली," म्हणाली.

बारा वर्षं तो पंखा त्या खुंटीवर होता. तेराव्या वर्षी, ह्याच तिथीला, सकाळी खुंटी रिकामी होती. सगळं घर धुंडाळलं. बाईने मात्र केस विंचरले, धुतलेलं लुगडं नेसली. म्हणाली, "शोधू नोको. आज मले बोलावणं हाये." दिवेलागणीला पाटावर बसल्या बसल्या बाई गेली. समोरचं पान कोरं होतं, कोणी वाढलंच नव्हतं. पण तिच्या उजव्या हाताला तुपाचा आणि जायफळाचा वास येत होता, आणि चेहरा तर असा, की जणू पोटभर जेवली आहे. दुसऱ्या दिवशी पंखा परत खुंटीवर.

मला भीती वाटते का? खोटं कशाला बोलू, वाटते. पोरीचं लग्न जेठात आहे, कैऱ्यांचं लोणचं अजून मुरायचं आहे. पण त्या रात्री जेवले तसं मी पुन्हा कधीच जेवले नाही, हेही खरं.

म्हणूनच तुला सकाळपासून तिसऱ्यांदा विचारते. खुंटीवरचा पंखा तू काढलास का? नाही? नीट आठव... नाहीच काढला म्हणतेस.

बरं. मग एवढंच सांग, खिडक्या बंद आहेत, तुझे दोन्ही हात तुझ्या मांडीवर आहेत. मघापासून मला हा वारा कोण घालतंय?