पहिला प्रश्न इलाचा

इला त्या सभागृहात शिरली ती निव्वळ गारठ्यापासून जीव वाचवायला.

नोव्हेंबरातला रविवार होता. मैत्रिणीने, अनयाने, मिशिगनमधल्या ॲन आर्बरला कॉफी प्यायला बोलावलं आणि ऐन वेळी कॅन्सल केलं. बाहेर धड पाऊस नाही, धड बर्फ नाही, असं काहीतरी तिरपं कोसळत होतं. समोर लायब्ररी दिसली, म्हणून ती आत गेली. तळमजल्यावरच्या एका दारावर पाटी होती – जगाचा इतिहास, रविवारची व्याख्यानं, सर्वांना मुक्त प्रवेश. आत ऊब होती. एवढं पुरे होतं.

ती शेवटच्या रांगेत टेकली आणि ओलं जॅकेट काढू लागली. शेजारच्या टेबलापाशी हेडफोन लावून बसलेला एक तरुण दचकून वळला. काळी दाढी, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, समोर बटणांची रांग. तो वाकून इंग्रजीत हलकेच म्हणाला, "तुमचं जॅकेट प्रोफेसरांपेक्षा मोठ्याने बोलतंय. सगळं रेकॉर्ड होतंय."

इला जागच्या जागी गोठली. अर्धी बाही हातात, अर्धी बाहेर. मग तोंडातल्या तोंडात पुटपुटली, "काय शिष्ट आहे मेला."

तो पुन्हा वळला. या वेळी चक्क मराठीत कुजबुजला, "शिष्ट… म्हणजे काय?"

इलाचे कान तापले. तिने व्यासपीठाकडे तोंड केलं ते फिरवलंच नाही. पण तो हसतोय हे तिला न बघताही कळत होतं.

खरं तर इतिहास आणि इला यांचं कधी पटलंच नव्हतं. सांगलीच्या शाळेत इतिहास म्हणजे सनावळ्या, तह आणि तहाची कलमं. पुढे ती इंजिनिअर झाली, नोव्हायमधल्या कंपनीत गाड्यांचे ब्रेक तपासू लागली आणि सनावळ्यांतून सुटली. पण व्यासपीठावरच्या पांढऱ्या केसांच्या प्राध्यापिका तहाबद्दल बोलतच नव्हत्या. त्या बटाट्याबद्दल बोलत होत्या. बटाटा अँडीज पर्वतातून समुद्र ओलांडून निघाला, पोर्तुगीजांनी त्यांचा शब्दही भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरवला, आणि तिथले लोक आजही त्याला 'बटाटा' म्हणतात… इला सावरून बसली. मिरची? तीही अमेरिकेतली. शेंगदाणा? दक्षिण अमेरिकेतला. आणि ज्या कंदापासून साबुदाणा होतो, तो ब्राझीलकडून आलेला.

प्रश्नोत्तरं सुरू झाली तेव्हा इलाचा हात आपोआप वर गेला. माइक घेऊन तोच आला. माइक घेताना तिच्या गार बोटांना त्याची बोटं लागली, आणि तिला प्रश्नाचं पहिलं वाक्य आठवेना.

"आमच्याकडे उपासाला एक पदार्थ करतात," ती अखेर म्हणाली. "साबुदाणा, बटाटा, शेंगदाणे, मिरची. म्हणजे चारशे-पाचशे वर्षांपूर्वी… उपासाला लोक खात काय होते?"

सभागृह हसलं. प्राध्यापिकाही हसल्या आणि म्हणाल्या, "मला माहीत नाही. पण आजचा सगळ्यात चांगला प्रश्न हाच."

नंतर तो वायरी गुंडाळत होता आणि इला उगाचच जॅकेटची चेन लावत होती.

"मी श्रीराम. इथे सगळे श्री म्हणतात," तो म्हणाला. "तुमच्यामुळे माझी आई आज रडणार. ती एकादशीला खिचडीच खाते."

"'तुम्ही' नको म्हणूस, 'तू' म्हण. आणि शिष्ट म्हणजे…" इला थांबली. "जाऊ दे. नंतर सांगेन."

"नंतर म्हणजे पुढच्या रविवारी?"



*

पुढच्या रविवारी ती आली. त्याच्या पुढच्याही. नोव्हायहून ॲन आर्बर म्हणजे अर्ध्या तासाचा रस्ता. पण बर्फ पडलं की तासभर लागायचा, आणि तरी ती यायची. समरकंदचा कागद, प्लेगने ओस पडलेली युरोपातली गावं, अरबी गलबतांचे हंगामी वारे – हिवाळाभर एकेक प्राध्यापक येत गेले आणि एकेक जग उघडून दाखवत गेले. इलाला वाटायचं, शाळेत कुणी असं सांगितलं असतं तर…

व्याख्यान संपलं की पहिला हात तिचाच. श्री सरळ तिच्याकडेच चालत यायचा, इतर हातांकडे बघायचासुद्धा नाही.

"लोक काय म्हणतील?" तिने एकदा विचारलं. व्याख्यानानंतर समोरच्या दुकानात गरम चॉकलेट घ्यायचं, हेही आता ठरून गेलं होतं.

"म्हणतील, किती हुशार मुलगी आहे."

"आणि तू? एवढी व्याख्यानं ऐकतोस, तुला कधी प्रश्न पडत नाही?"

"मी शब्द ऐकतच नाही यार. मी आवाज ऐकतो." त्याने कप दोन्ही हातांत धरला. "प्लेगवाले प्रोफेसर आठवतात? त्यांना मेलेल्या लोकांबद्दल बोलताना खरंच वाईट वाटत होतं. सातशे वर्षं झाली, तरी. आवाजात कळतं ते."

"आणि माझ्या आवाजात काय कळतं?"

तो तिच्याकडे बघत राहिला. जरा जास्तच वेळ.

"प्रश्न विचारायच्या आधी तू श्वास रोखतेस," तो म्हणाला. "हेडफोनमध्ये ऐकू येतं. म्हणजे… येत नाही. तीच तर गंमत."

इलाने मान खाली घालून चॉकलेट ढवळलं. त्यात ढवळण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मार्चअखेर त्याने तिला घरी बोलावलं. त्याच्या आई, वसुधाकाकू, मूळच्या नागपूरच्या. चाळीस वर्षं मिशिगनमध्ये लहान मुलांच्या डॉक्टर म्हणून काम करून आता निवृत्त झाल्या होत्या. एकादशी होती, म्हणून टेबलावर साबुदाण्याची खिचडीच होती.

"तूच का ती, माझा उपास मोडणारी?" काकू म्हणाल्या. "याने त्या दिवशी घरी येऊन मला सगळा नकाशा ऐकवला."

"सॉरी काकू."

"सॉरी कसलं. उपास पोटाचा असतो, नकाशाचा नसतो. देवाला ब्राझीलही ठाऊक आहेच की. घे, दही घे वर."

इलाला त्या तिथल्या तिथे आवडून गेल्या. जेवताना श्री फारसं बोलला नाही, आईच्या आणि तिच्या गप्पा ऐकत राहिला. मग तो आत फोन घ्यायला गेला आणि काकूंनी तिच्या वाटीत आणखी दही वाढलं.

"बॉथेलला गेल्यावर हे असं आयतं कोण देणार त्याला," त्या सहज म्हणाल्या.

"बॉथेलला?"

"सिॲटलपाशी. गेम्सच्या आवाजाचं काम आहे म्हणे, मोठा स्टुडिओ. एप्रिलअखेर कळवायचंय हो की नाही ते." काकूंचा हात वाटीवर थांबला. "तुला बोलला नाही का तो?"

इलाने हसून विषय बदलला. खिचडी संपवली, छान झाली म्हणाली, निघाली. श्री गाडीपर्यंत सोडायला आला तेव्हा तिने गाडीचं दार उघडलं आणि मगच विचारलं.

"बॉथेलचं कधी सांगणार होतास?"

"ठरलं की सांगणार होतो."

"ठरवायच्या आधी सांगावंसं नाही वाटलं?"

"काय म्हणून सांगायचं?" तो म्हणाला. त्याला म्हणायचं काही वेगळंच असावं, पण शब्द तसे बाहेर पडले.

काय म्हणून. प्रश्न बरोबर होता, आणि म्हणूनच तो लागला. इला कुणी नव्हतीच. व्याख्यानाला येणारी, पहिला प्रश्न विचारणारी एक बाई. ती घरी गेली. पुढच्या रविवारी मुद्दाम कपाटं आवरत बसली. त्याचा फोन आला, तो तिने घेतला नाही.

पण कपाटं आवरून झाली, आणि मग आवरायला काहीच राहिलं नाही. ती खिडकीशी बसली. आपण कधी त्याला काय सांगितलं? तिने स्वतःला विचारलं. त्याने सांगायला हवं होतं, हे खरं. पण मी तरी… मी तर फक्त प्रश्नच विचारत राहिले, आणि तेही दुसऱ्याच माणसाला.

*

शेवटचं व्याख्यान एप्रिलमध्ये होतं. बर्फ वितळून रस्ते काळेशार झाले होते, मुलं सायकली घेऊन बाहेर पडली होती. इला आली आणि शेवटच्या रांगेत बसली. श्रीने हेडफोन काढले, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा लावले. जवळ यायचा धीर त्याला झाला नाही हे तिला दिसलं.

व्याख्यान रोमवर होतं. प्राध्यापक वयस्कर होते, सावकाश बोलत होते. पश्चिमेचा शेवटचा सम्राट गादीवरून उतरला, ते म्हणाले, तेव्हा रोममध्ये कुणी दुकान बंद केलं नाही. साम्राज्य संपलं हे कुणाच्या फारसं लक्षातही आलं नाही. पन्नासेक वर्षं गेली, आणि मग कुणीतरी मागे वळून ती तारीख लावली.

प्रश्नांची वेळ झाली. कितीतरी वेळ कुणीच हात वर केला नाही. सगळे जणू सवयीने शेवटच्या रांगेकडे बघत होते. इलाने हात वर केला.

श्री माइक घेऊन आला. तिने माइक हातात घेतला नाही, त्याने धरलेल्या माइकवरच आपला हात ठेवला.

"म्हणजे जे त्यात जगत असतात," तिने विचारलं, "त्यांना कळतच नाही का, की काहीतरी संपतंय… किंवा सुरू होतंय?"

प्राध्यापकांनी चष्मा काढून पुसला.

"मला वाटतं, पुष्कळांना कळत असतं," ते म्हणाले. "पण ते बोलत नाहीत. आणि जे कुणी बोललंच नाही, ते आम्हा इतिहासकारांच्या हाती कधीच लागत नाही."

श्री माइक घेऊन मागे गेला. त्याची पाठ जरा अवघडलेली होती.

सभागृह रिकामं होईपर्यंत इला बसून राहिली. मग उठून त्याच्या टेबलापाशी गेली.

"रेकॉर्डिंग बंद आहे?"

"बंद आहे."

"मग ऐक. मध्ये बोलू नकोस, नाहीतर मला जमणार नाही." तिने टेबलाची कड धरली. "तू बॉथेलला जा किंवा नको जाऊस. माझ्यासाठी थांब असं मी म्हणणार नाही. तुझं काम आहे, तुझं आयुष्य आहे. पण तू विचारलंस ना, काय म्हणून सांगायचं? तर… मला तू आवडतोस, म्हणून. पहिल्या दिवसापासून. मला समरकंद कुठे आहे हे आता ठाऊक आहे, पण मी इथे समरकंदसाठी येत नव्हते."

श्रीने हातातली वायर खाली ठेवली. मग उचलली, मग पुन्हा ठेवली.

"आता बोललो तर चालेल?"

"चालेल."

"मी परवाच त्यांना नाही म्हणून कळवलं."

इला बघतच राहिली. "मला न विचारता?"

"तुला विचारलं असतं तर तू जा म्हणाली असतीस. मग मला जावं लागलं असतं."

"आणि मी आज आलेच नसते तर?"

"तर नोव्हायला येणार होतो. पत्ता आईने तुझ्या मैत्रिणीकडून, अनयाकडून काढलाय, मराठी मंडळात ओळख आहे त्यांची. बाय द वे, आई माझ्याशी नीट बोलत नाहीये त्या एकादशीपासून. म्हणते, एवढी चांगली मुलगी, आणि तू मठ्ठासारखा बोललास." तो टेबलाला वळसा घालून तिच्यासमोर आला. आता मध्ये बटणं नव्हती, वायरी नव्हत्या. "मला मराठीत नीट सांगता येत नाही, इला. पण तुझ्याशिवायचा तो रविवार… मी त्या दिवशीचं रेकॉर्डिंग ऐकलं. सगळं बरोबर होतं. आणि काहीच ठीक नव्हतं."

इलाने त्याचा हात हातात घेतला. त्याची बोटं या वेळी तिच्यापेक्षाही गार होती. तिने ती आपल्या दोन्ही तळव्यांत धरून ठेवली.

वरच्या मजल्यावरचे दिवे कुणीतरी मालवायला सुरुवात केली. दोघं हातात हात घेऊन बाहेर आले. रस्त्यावर अजून लख्ख ऊन होतं.

"आता?" श्रीने विचारलं.

"आता आधी काकूंना फोन लाव," इला म्हणाली. "त्यांचा राग घालवू. मग नदीकडे जाऊ, आणि संध्याकाळपर्यंत तू बोलायचंस, मी ऐकणार."

त्याने एका हाताने खिशातून फोन काढला. दुसरा हात सोडला नाही.