साहतूवरचे शेंडे

गप्प बसून ऐका. कुणी मधे दात काढले तर उठून जाईन. इसिडोर माझ्या ओळखीचा होता, जाळी ओढायला आम्ही बरोबर जायचो.

चौदा जानेवारी, मंगळवार. संध्याकाळचे सहा, पण अंधार चारलाच पडलेला. इसिडोर शेंडे उपटायला निघाला. साहतू तळं गोठलं की जो पहिला पलीकडे जातो तो वाटेवर खुणेसाठी स्प्रूसच्या झाडांचे शेंडे रोवत जातो. मागून येणारे त्यांच्याच भरवशावर गाड्या हाकतात. बर्फ फाटला की ज्यानं रोवले त्यानंच ते उपटायचे. त्या दुपारी नदीच्या तोंडाशी बर्फ फाटला होता.

“बायकोनं हाकललं वाटतं!” दुकानापाशी आल्फोन्स ओरडला.

“तुझीनं बोलावलंय,” इसिडोर म्हणाला.

आल्फोन्स हसला, आणि इसिडोर कशाला चाललाय ते कळल्यावर वाटेतून बाजूला झाला.

दोन हिवाळ्यांमागं असाच बर्फ फाटला होता. इसिडोर पत्ते कुटत बसला. म्हणाला, उद्या उपटतो. त्याच रात्री त्याचा पोरगा जोनास बापाचे शेंडे बघत घराकडं आला, तो सरळ पाण्यात. साहतूनं त्याला पुरायलासुद्धा परत दिलं नाही. गावात कुणी इसिडोरला शब्दानं बोललं नाही. त्याची बायको सेलीनही नाही. तेच त्याला कुरतडत होतं.

एकेक शेंडा उपटत तो शेवटच्यापाशी पोचला. पुढं काळं पाणी. वर वाफ.

पलीकडं कुणीतरी वाकलं होतं. तिकडचे शेंडे उपटत होतं.

“जोनास?”

…

“बाळा… मी पत्ते खेळत बसलो होतो रे.”

…

“थांब. मी येतो तिकडं.”

त्यानं पाय उचलला.

मागून कोट ओढला गेला. जोरात. तो उताणा पडला.

मागं कुणी नव्हतं. पलीकडंही नाही.

घरी सेलीननं त्याचा कोट शेगडीपाशी टांगला. पाठीवर बर्फाचा पंजा उमटला होता. पाच बोटं. ती बघत राहिली. त्या बोटांवर तिनं आपली बोटं टेकवली आणि तशीच उभी राहिली.

रात्रभर शेगडी पेटती होती. कोटाच्या बाह्या टपटप गळत होत्या.

सकाळी सेलीनची बोटं निळी पडली होती. पंजा तसाच होता.